कळा मोजायचं काम बाबांनी घ्यावं

३६वा आठवडा उलटला की होणाऱ्या बाबांना आपण नुसते बघत बसलोय असं वाटू लागतं. एक काम मात्र तुम्हीच नीट करू शकता, ते म्हणजे कळा मोजणं. तिला त्या वेळी घड्याळाकडे बघायचं भान नसतं.

एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा सगळा वेळ म्हणजे अंतर. फक्त मधल्या विश्रांतीचा वेळ धरला तर हिशेब चुकतो. कळ किती सेकंद टिकली तेही लिहा. खोट्या कळा अनियमित असतात. कूस बदलली किंवा थोडं चाललं की बहुधा ओसरतात. खऱ्या कळा जवळ जवळ येत जातात आणि जोर धरतात. पहिलं बाळंतपण असेल तर दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघायचं, असा ढोबळ नियम आहे. हॉस्पिटल लांब असेल किंवा आधीचं मूल असेल तर लवकर निघावं लागतं. कधी, ते डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा.

पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल मंदावली, डोकं खूप दुखून दिसायला अंधुक झालं, तर मोजत बसू नका. लगेच फोन करा. ३७ आठवड्यांआधी नियमित कळा आल्या तरीही.

दिलेली तारीख अंदाजाची असते. ती उलटली की नातेवाइकांचे "अजून नाही का?" म्हणणारे फोन सुरू होतात. ते तुम्ही घ्या, तिला झोपू द्या.