कोल्हापुरात नव्याने राहायला आलेल्यांसाठी : बंद पडलेल्या अडॅप्टरच्या जागी दुसरा घेताना

एप्रिल-मे महिन्यांत वळीव कडाडून आला आणि वीज दोन-चार वेळा गेली-आली, की भाड्याच्या खोल्यांमधले राउटरचे अडॅप्टर हमखास बंद पडतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीसाठी, अथवा शिवाजी विद्यापीठात शिकण्यासाठी आलेल्या माणसाला अशा वेळी कुठे जावे आणि काय मागावे हे कळत नाही. मी स्वतः विदर्भातून येऊन इथे स्थायिक झालो आहे. नव्याने येणारे शेजारी हीच विचारणा करतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

राउटर इंटरनेट जोडणीबरोबर मिळालेला असेल, तर बाजारात जाण्याआधी जोडणी देणाऱ्या केबलवाल्याला फोन करावा, कारण त्याच्याकडे त्याच जातीचे अडॅप्टर बहुधा शिल्लक असतात. ट्रिमर, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, रेडिओ, कीबोर्ड अशा वस्तूंसाठी मात्र इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचे दुकान गाठावे लागते. तिथे जाताना जुना अडॅप्टर आणि ती वस्तू, दोन्ही पिशवीत घालून न्यावीत. राजारामपुरीत मोबाईलची दुकाने पुष्कळ आहेत, पण तिथे मिळणारा चार्जर ५ व्होल्टचा आणि यूएसबीचा असतो. गोल पिनेच्या वस्तूला त्याचा थेट उपयोग होत नाही.

जुन्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत दोन ओळी असतात. ‘इनपुट’ ही भिंतीतल्या विजेची आणि ‘आउटपुट’ ही वस्तूला मिळणाऱ्या विजेची. आपल्याला जुळवायची आहे ती दुसरी ओळ. तिच्यातील व्होल्टचा आकडा जसाच्या तसा हवा. ९ च्या जागी १२ चालत नाही. अँपिअरचे तसे नाही. वस्तूला १ अँपिअर लागत असेल, तर २ अँपिअरचा अडॅप्टर निर्धास्त घ्यावा, कारण वस्तू तिच्या गरजेपुरताच प्रवाह ओढते. उलट अर्ध्या अँपिअरचा घेतला, तर राउटर सुरू होतो खरा, पण घरातले तीन-चार फोन जोडले गेले की पुन्हा पुन्हा बंद-सुरू होऊ लागतो, अडॅप्टर हाताला चटका बसण्याइतका तापतो आणि दोष मात्र इंटरनेटला दिला जातो. काही ट्रिमरांच्या अडॅप्टरवर अँपिअरऐवजी वॉट लिहिलेले असतात. तिथे वॉटला व्होल्टने भागावे. १५ व्होल्ट आणि ५.४ वॉट म्हणजे ०.३६ अँपिअर.

व्होल्टच्या आकड्याशेजारी सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल, तर तो डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह. नागमोडी रेघ असेल तर एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारा प्रवाह. या दोहोंची अदलाबदल करू नये.

सर्वांत जास्त फसगत होते ती पिनेच्या ध्रुवांची. लेबलवर मध्ये ठिपका, भोवती अपुरे वर्तुळ आणि दोन्ही बाजूंना अधिक-उणे अशी लहानशी आकृती असते. ठिपक्याला जोडलेले चिन्ह अधिक असेल, तर पिनेचा मधला भाग धन. राउटरांमध्ये सहसा हीच रचना आढळते. पण गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलमध्ये आणि कॅसिओच्या जुन्या कीबोर्डमध्ये मधला भाग बहुधा ऋण असतो. उलटा अडॅप्टर जोडल्यास, आत संरक्षण नसेल तर वस्तू कायमची जाते. दुकानातला मुलगा पिन खोचून दाखवतो आणि ‘बसतंय की, घेऊन जावा’ म्हणतो. त्याच्या मनात खोट नसते; इथली माणसे मोकळी आहेत. तरीही पिन बसली एवढ्यावर पैसे देऊ नयेत. मालकांना मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजण्याचे यंत्र, लावून दाखवायला सांगावे. कोणी नाही म्हणत नाही. मीटर डीसीच्या २० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवून लाल टोक पिनेच्या छिद्रात आणि काळे टोक बाहेरच्या कड्याला लावले, की धन मध्य असल्यास आकडा सरळ येतो आणि ऋण असल्यास त्याच्या आधी उणे चिन्ह दिसते. ट्रान्सफॉर्मरचा जुना, जड अडॅप्टर वस्तू न जोडता मोजला, तर ९ च्या जागी १२-१३ व्होल्टही दाखवतो. आजच्या हलक्या अडॅप्टरमध्ये इतका फरक दिसला, तर तो परत करावा.

पिनेचे मापही पाहावे. बाहेरून ५.५ मिलिमीटर असलेल्या पिनेचे छिद्र २.१ किंवा २.५ मिलिमीटरचे असते आणि दोन्ही वरवर सारख्याच दिसतात. २.१ ची पिन २.५ च्या खाचेत जातच नाही, २.५ ची २.१ च्या खाचेत जाते, पण सैल राहते आणि वायर हलली की वस्तू बंद पडते.

जुना अडॅप्टर हरवला असेल, तर वस्तूच्या तळाशी किंवा खाचेशेजारी हीच माहिती शोधावी. सेलच्या संख्येवरून अंदाज बांधता येतो, म्हणजे चार साधे सेल असतील तर ६ व्होल्ट. पण तो अंदाजच, खरेदीचा आधार नव्हे.

परदेशातून आलेल्या नातेवाइकाने दिलेल्या वस्तूच्या बाबतीत इनपुटची ओळ आधी वाचावी. १००-२४० लिहिले असेल तर आपल्या २३० व्होल्टवर चालेल. नुसते १२० असेल तर प्लगला लावूच नये, आणि पिनेचा आकार बदलणारा सॉकेट लावल्याने व्होल्ट कमी होत नाहीत. नवा अडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानकाचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहावे. नवा अडॅप्टर घरी आणल्यावर तो कोणत्या वस्तूचा आहे हे त्याच्यावर मार्करने लिहून ठेवावे, विशेषतः एका खोलीत तिघे-चौघे राहत असतील आणि सगळ्यांचे अडॅप्टर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लागत असतील तर.