सीएनआर नंबर नसताना कोर्टातला जुना दावा कसा शोधावा

‘ई-कोर्ट्सवर सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर नंबर टाका, केस समोर येईल’ असं सगळेच सांगतात. ई-कोर्ट्स म्हणजे कोर्टातल्या केसेस दाखवणारी सरकारी साइट, आणि सीएनआर म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र नंबर. अहो, तो नंबर असता तर माणूस शोधत कशाला बसला असता? घरच्या जुन्या कागदांवर असतो तो ‘रे. मु. नं.’, म्हणजे रेग्युलर मुकदमा नंबर, आणि तोही निम्मा पुसलेला.

ई-कोर्ट्सची साइट किंवा अ‍ॅप उघडून राज्य, जिल्हा, कोर्ट कॉम्प्लेक्स निवडा आणि पक्षकाराच्या नावाचा पर्याय घ्या.

खरी गोची इथून पुढे. आमचा वाटपाचा दावा शोधण्यात माझ्या तीन संध्याकाळी गेल्या. मी वडिलांचं नाव टाकत होतो आणि दावा होता थोरल्या आत्याच्या नावाने. वडील वादी नंबर तीन! यादीत दिसतं ते पहिल्या वादीचं आणि पहिल्या प्रतिवादीचं नाव, म्हणून आधी घरातल्या मोठ्यांना विचारा की दावा टाकला कुणी आणि कुणावर.

दुसरी ठेच स्पेलिंगची. गायकवाड कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. पाटील तर विचारूच नका. नोंद करणाऱ्या कारकुनाच्या मनात त्या दिवशी काय होतं ते तुम्हाला कळणार नाही, त्यामुळे पूर्ण नाव टाकायचंच नाही. जी-ए-आय-के, बस्स. किमान तीन अक्षरं लागतात. यादी लांबलचक येईल, येऊ द्या. बोटाने खाली सरकवत वाचा.

साल टाकताना दाव्याच्या नोंदणीचं टाका. डिसेंबरात दाखल केलेला दावा पुढच्या सालात नोंदलेला असू शकतो, तेव्हा एक साल पुढेही बघा. आणि नुसतं ‘प्रलंबित’ निवडून ‘सापडत नाही’ म्हणू नका. वादी तारखांना गेलाच नाही म्हणून काढून टाकलेला दावा ‘निकाली’मध्ये असतो. दोन्ही निवडा.

एवढं करूनही काही नाही? मग वाद तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्यांकडे चालला होता का ते बघा. महसुली प्रकरणं इथे नसतात.

सापडला की पहिलं काम, सीएनआर वहीत उतरवा. एमएच म्हणजे महाराष्ट्र, त्यापुढे पीयू असेल तर पुणे. शेवटचे चार आकडे सालाचे. अ‍ॅपमध्ये केस सेव्ह करा.

खाली तारखांची यादी असते. तारखेवर टिचकी मारली की त्या दिवशी कोर्टात काय झालं ते दिसतं. ‘साहेब रजेवर होते’ हे वकिलांनी सांगितलेलं खरं की नाही, तेही कळतं.

आदेशाची पीडीएफ मात्र वाचण्यापुरती. ती घेऊन तलाठ्याकडे फेरफाराला गेलात तर हात हलवत परत याल. त्यासाठी कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून सही-शिक्क्याची नक्कलच काढावी लागते.