वियोगाच्या दुःखात संमोहनोपचार कसा घ्यावा

आई गेल्यानंतर चौथ्या महिन्यात मला रोज पहाटे पावणेचारच्या सुमारास जाग येऊ लागली. डोळे उघडण्याआधीच कानात एक आवाज असे: रुग्णालयात तिच्या खाटेशेजारी भिंतीला लावलेल्या ऑक्सिजनच्या बाटलीतील पाण्याची बुडबुड. दहावा-तेरावा रीतसर झाला होता, पुण्यात ओंकारेश्वरावर कावळाही लगेच शिवला होता आणि मी पुन्हा कामावर रुजू झाले होते. तरीही शेजाऱ्यांकडील फिश टँकपाशी उभे राहिले की तोच आवाज येई आणि पोटात कालवाकालव होई. मी संमोहनोपचार घेतला तो या आवाजासाठी. आई गेल्याचे दुःख घालवून द्या, असे कोणाला सांगण्याची माझी इच्छा नव्हती आणि तसे सांगितले असते तर काही साधलेही नसते. या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हेच आहे की सोबत एक छोटी, नेमकी तक्रार न्यावी. झोप मोडते, रुग्णालयातील शेवटचा प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतो, त्या रस्त्यावरून जाववत नाही, शेवटचे बोलणे राहून गेले ते टोचत राहते, अशा एखाद्या गोष्टीवर संमोहनाची पकड बसू शकते. ‘मला बरे वाटू दे’ या मागणीवर ती बसत नाही.

संमोहन म्हटले की आपल्याकडे अजूनही नाट्यगृहातील प्रयोग आठवतो, ज्यात प्रेक्षकांतून वर गेलेला एखादा गृहस्थ कच्चा कांदा सफरचंद समजून खातो. उपचारातील संमोहनात अशी कोणाची सत्ता कोणावर चालत नाही. ती झोपही नसते, कारण सगळे ऐकू येत असते आणि वाटेल तेव्हा डोळे उघडता येतात. जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यचिकित्सकाने १८४३ साली या विषयावर ग्रंथ लिहून ग्रीक निद्रादेवतेवरून आलेला ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला. पुढे त्याचे त्यालाच हे नाव दिशाभूल करणारे वाटू लागले आणि त्याने ‘एकाच कल्पनेवर मन खिळणे’ अशा अर्थाचा दुसरा शब्द सुचवला. तो शब्द टिकला नाही, पण माझ्या मते नेमका तोच होता. लक्ष एका जागी एकवटते, आजूबाजूच्या गोष्टी मागे सरतात आणि त्या अवस्थेत दिलेली सूचना मन एरवीपेक्षा सहज उचलते, एवढीच त्यातली मुख्य यंत्रणा आहे. पुस्तकात रमलेल्या माणसाला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत, त्याच जातीची ही तल्लीनता असते, फक्त ती मुद्दाम आणि ठरवलेल्या कामासाठी आणलेली असते.

मेंदूत काय घडते, याचाही थोडा अंदाज आता आलेला आहे. डेव्हिड स्पीगल यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहज संमोहित होणाऱ्या व्यक्तींच्या मेंदूतील, आजूबाजूच्या घडामोडींवर नजर ठेवणाऱ्या एका भागाचे काम त्या अवस्थेत मंदावलेले आढळले. त्याहून मला मोलाचा वाटतो तो पिअर रेनव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९९७ मधील प्रयोग. त्यात लोकांचे हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात बुडवले होते आणि संमोहनात सूचना दिली होती ती दुखणे कमी होण्याची नव्हे, तर त्या दुखण्याचा जाच कमी-जास्त होण्याची. चटक्याची जाणीव जवळजवळ तशीच राहिली, जाच मात्र बदलला आणि मेंदूतही जाचाशी संबंधित भागातच फरक दिसला. वियोगाचे दुःख म्हणजे गरम पाण्याचा चटका नव्हे, हे मान्य आहे. तरी संमोहनाकडून शोकात काय मागावे आणि काय मागू नये, याची कल्पना मला या प्रयोगावरून जितकी स्पष्ट आली तितकी दुसऱ्या कशावरून आली नाही.

सर्वांवर संमोहनाचा परिणाम सारखा होत नाही. शंभरातील दहा-पंधरा जण फार सहज त्या अवस्थेत जातात, साधारण तितक्याच लोकांवर फारसा परिणाम होत नाही आणि बाकीचे मधे कुठेतरी असतात. याचा बुद्धीशी किंवा मनाच्या दुबळेपणाशी संबंध नाही. वेदना, आतड्यांचे विकार यांच्यासाठी संमोहनाचा उपयोग चांगला तपासला गेला आहे. शोकाच्या बाबतीत मात्र, शोकासाठीच आखलेल्या समुपदेशनाला त्याहून भक्कम आधार आहे. म्हणून संमोहन हा समुपदेशनाला जोड देणारा भाग मानावा. केवळ संमोहनावर सगळे सोपवू नये.

कधी जावे, हा पुढचा प्रश्न. पहिल्या काही आठवड्यांत रडू येणे, भूक न लागणे, दार वाजले की तीच व्यक्ती आली असे वाटणे, क्वचित तिचा आवाज ऐकू आल्याचा भास होणे, हे शोकाचे नेहमीचे रूप आहे आणि त्यावर उपचाराची घाई करण्याचे कारण नाही. माणसे भेटायला येतात, पिठलं-भाताचे डबे येतात, आणि आपल्याकडच्या तेरा दिवसांच्या रीतींना नावे ठेवणाऱ्यांनी एकदा पाहावे की त्या घरच्यांना एकटे पडू देत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात दीर्घ शोकविकाराचे, म्हणजे न ओसरता रोजचे जगणे अडवणाऱ्या शोकाचे निदान किमान सहा महिन्यांनंतर करायचे असते, तर अमेरिकी मनोविकार नियमावलीच्या २०२२ मधील आवृत्तीत प्रौढांसाठी ही मुदत एक वर्षाची आहे. तोवर थांबलेच पाहिजे असा याचा अर्थ नाही. एखादे लक्षण रोजच्या जगण्याच्या आड येत असेल तर आधी जायला हरकत नाही. मात्र ‘त्यांच्यामागे आपणही जावे’ असे विचार येत असतील तर संमोहनाचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ गाठावा. ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण तपासणी होते आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. पूर्वी सायकोसिस (वास्तवाचे भान सुटणे) किंवा उन्मादाचा झटका येऊन गेला असेल, फिट्स येत असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय संमोहन घेऊ नये. चालू असलेली कोणतीही गोळी त्यासाठी बंद करू नये.

माणूस निवडताना

मी पहिल्यांदा गेले ते एका जाहिरातीवरून, आणि चुकले. पेठेतल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर त्या गृहस्थांनी माझे नाव-गाव विचारण्याआधी दहा बैठकांचे पैसे आगाऊ मागितले आणि तिसऱ्या वाक्याला ‘आईंचा आत्मा अडकलाय, आपण त्यांच्याशी बोलू’ असे सांगितले. मी पाणीही न पिता उठले. पुनर्जन्मात नेणारे, मृतांशी संवाद घडवणारे, एका बैठकीत दुःखमुक्तीची हमी देणारे, यांच्यापासून दूर राहावे. दुःखात माणूस विश्वास ठेवायला उतावीळ झालेला असतो, म्हणून सोबत एखादे ताळ्यावरचे माणूस न्यावे हेही बरे.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २००३ साली संमोहनोपचाराला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली ती योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांनीच तो करावा या अटीवर. व्यवहारात पाहायचे ते असे की ती व्यक्ती मुळात मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आहे ना. दुसऱ्या प्रकारातल्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि तो क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. माझी एक ढोबळ कसोटी आहे: संमोहन येत नसते तरी या तक्रारीवर या व्यक्तीकडे दुसरा काही उपाय असता का? ज्यांच्याकडे फक्त संमोहनच आहे, त्यांना प्रत्येक दुखण्यावर तेच सुचते. शुल्क, बैठकीचा वेळ, सोबतच्या माणसाला आत बसू देतात का आणि ध्वनिमुद्रण करू देतात का, हे फोनवरच विचारून घ्यावे.

बैठकीत काय होते

चांगल्या उपचारकाकडे पहिल्या भेटीत संमोहन होतच नाही. त्या जाहिरातवाल्यानंतर मी ज्यांच्याकडे गेले त्या उपचारक मॅडमनी पाऊण तास नुसते विचारले: आई कशी गेली, तुम्ही तेव्हा कुठे होतात, झोप किती, आधी कधी औषधे घेतली होती का, कोणत्या गोष्टीला आज हात लावायचा नाही. हा शेवटचा प्रश्न ज्यांनी विचारला नाही त्यांना त्याचे उत्तर आपण होऊन सांगावे. दुसऱ्या भेटीत त्यांनी आधी खूण ठरवून दिली: नको वाटले तर उजव्या हाताचे पहिले बोट उचलायचे, की त्या थांबणार.

मग खुर्चीत टेकून समोरच्या स्विचबोर्डवरील लाल दिव्याकडे बघत राहायचे, श्वास सोडताना खांदे सैल पडू द्यायचे आणि पापण्या जड झाल्या की मिटू द्यायच्या. खालून रिक्षांचे हॉर्न ऐकू येत होते. मॅडम म्हणाल्या, ‘हॉर्न वाजतोय तो वाजू दे, प्रत्येक हॉर्नसरशी तुम्ही थोड्या आत जा.’ मन आणखी स्थिर करण्यासाठी बहुतेक उपचारक जिना किंवा लिफ्ट उतरण्याची कल्पना वापरतात. लिफ्ट मला नको होती, कारण रुग्णालयातली लिफ्ट डोळ्यांपुढे येई. नदीचा घाटही नको होता. मी पर्वतीच्या पायऱ्या सांगितल्या. त्या रुंद दगडी पायऱ्यांवरून खाली उतरण्याचे वीस आकडे त्यांनी सावकाश मोजले. आपली प्रतिमा आपणच निवडावी; उपचारकाच्या संग्रहातला समुद्रकिनारा सर्वांना लागू पडत नाही, आणि ज्याचे माणूस पाण्यात गेले त्याला तर तो छळतो.

आवाजाचे काम तिसऱ्या बैठकीत झाले. तो ऐकू येऊ द्यायचा, पण दूरच्या खोलीतून, दार लोटलेले असताना, अशी सूचना होती. मग त्यांनी विचारले की पाण्याचा असा आवाज याआधी आयुष्यात कधी ऐकला आहे का. उत्तर मला शोधावे लागले नाही. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी पहाटे नळाला पाणी येई आणि आई उठून पिंपात पाइप सोडत असे. पिंप भरत येई तसा आवाज बारीक होत जाई, मग चावी बंद केल्याची कर्कर, आणि पुन्हा शांतता. पुढच्या दोन बैठकांत आम्ही एवढेच केले की बाटलीतल्या बुडबुडीने आवाज सुरू व्हायचा आणि पिंप भरून संपायचा. मी भरपूर रडले. मॅडमनी रडणे थांबवले नाही, फक्त अधूनमधून ‘श्वास सोडा’ म्हणत राहिल्या.

राहून गेलेले बोलणेही या अवस्थेत बोलता येते. समोर आपले माणूस बसले आहे अशी कल्पना करून जे म्हणायचे होते ते म्हणायचे. काही जणांना त्यावर उत्तर ऐकू आल्यासारखेही वाटते. ते उत्तर आपल्याच मनाने रचलेले असते, याचे भान ठेवावे. संमोहनात आठवलेली गोष्ट खरीच घडलेली असते असे नाही, उलट चुकीची आठवण पक्की होण्याचा धोका असतो. म्हणून ‘शेवटच्या रात्री नक्की कोणाचे चुकले’ याचा छडा संमोहनात लावायला बसू नये. अशाने भावंडांत कायमची तेढ येऊ शकते.

बाहेर येताना पाचपर्यंत आकडे मोजतात. त्यानंतर पाणी प्यावे, दहा-पंधरा मिनिटे बसून राहावे. खाली लावलेल्या दुचाकीवर लगेच स्वार होऊ नये. त्या दिवशी रिक्षाने जावे.

घरी करण्याचा सराव

दोन-तीन बैठका झाल्यावर उपचारकाच्या सांगण्याने स्वसंमोहन घरी करता येते. दिवसातली एक ठरलेली वेळ घ्यावी, बारा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. सूचना आपल्या घरात बोलतो त्याच मराठीत लिहाव्या, कारण ‘मी शांततेची अनुभूती घेत आहे’ असे वाक्य मनाला परके वाटते. ‘मी रडणार नाही’ हीसुद्धा सूचना नव्हे, ती स्वतःला दिलेली तंबी आहे. त्याऐवजी ‘रडू आलं तर येऊ दे, ओसरलं की माझा श्वास आपोआप सावकाश होतो’ हे चालते. अशी चार-पाच वाक्ये आपल्याच आवाजात मुद्रित करून ऐकता येतात, मात्र गाडी चालवताना किंवा गॅस पेटता असताना अजिबात नाही. गेलेल्या माणसाचा मुद्रित आवाज या सरावात मिसळू नये. तो ऐकायचा असेल तेव्हा वेगळा ऐकावा.

पहिली दिवाळी, वाढदिवस, पितृपंधरवडा आणि वर्षश्राद्ध यांची तयारी आठवडाभर आधी सुरू करावी. त्या दिवशी सकाळी उठल्यापासून काय काय घडेल, पान कोण वाढेल, कोणत्या क्षणी घसा दाटेल, हे स्थिर मनाने एकदा पाहून ठेवले की प्रत्यक्षात तो क्षण अंगावर येत नाही. चार ते सहा बैठकांत ठरलेल्या तक्रारीत काहीच हालचाल नसेल तर उपचारकाशी स्पष्ट बोलून दुसरा मार्ग धरावा. बैठकीनंतर दिवसेंदिवस बधिर वाटत असेल, आपण आपल्याच अंगापासून दूर उभे आहोत असे वाटत असेल किंवा प्रसंग आणखी जोराने आदळत असतील, तर सहाव्या बैठकीची वाट पाहू नये, लगेच थांबावे.

आम्ही सहाव्या बैठकीला थांबलो. पावणेचारला जाग अजून अधूनमधून येते आणि आवाजही कधीकधी येतो. बहुतेक वेळा पिंप भरत आल्याचे कळते आणि चावी बंद व्हायच्या आत मला पुन्हा झोप लागलेली असते.