लसीकरणाच्या निर्णयात आर्थिक मूल्यमापन कसे वापरावे

नवी लस सार्वजनिक कार्यक्रमात घ्यावी का, हे ठरवताना मूल्यमापनाचा अहवाल शेवटच्या आकड्यापासून वाचू नये. लसीची तुलना कशाशी केली आहे (सध्याच्या उपचारांशी, दुसऱ्या लसीशी की कमी मात्रांच्या वेळापत्रकाशी) आणि खर्च कोणाचा धरला आहे (केवळ आरोग्य खात्याचा की आजारी मुलाजवळ थांबलेल्या पालकांच्या बुडालेल्या कमाईचाही) हे आधी तपासावे. वाढीव खर्चाला वाढीव निरोगी आयुर्वर्षांनी भागून येणारे गुणोत्तर त्यानंतरच वाचण्याजोगे होते.

सर्वाधिक वेळ प्रतिमानाला, म्हणजे रोग कसा पसरेल आणि लसीने काय बदलेल याचा अंदाज बांधणाऱ्या गणिती मांडणीला (मॉडेलला) द्यावा. औषधाचा गुण बहुधा ते घेणाऱ्यापुरताच असतो. लस मात्र ती न घेतलेल्यांच्या वाट्याला येणारा संसर्गही बदलते, आणि हा बदल दर वेळी हिताचाच असतो असे नाही. ग्रीसमध्ये रुबेलाचे लसीकरण बरीच वर्षे अपुरे राहिले. त्यामुळे बालपणीचा संसर्ग घटला खरा, पण प्रतिकारशक्ती न मिळालेल्या अनेक मुली तशाच प्रौढ झाल्या आणि 1993 च्या साथीनंतर जन्मजात रुबेलाची (गर्भात असतानाच आईकडून संसर्ग झालेली) बाळे मोठ्या संख्येने आढळली. संसर्गाचा धोका स्थिर मानणाऱ्या प्रतिमानाला हे दिसूच शकत नाही. म्हणून संसर्गजन्य रोगासाठी गतिशील प्रतिमान (संसर्गाचा धोका काळानुसार बदलता धरणारे) मागावे आणि लसीकरणाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी राहिल्यास काय होईल, याचेही उत्तर घ्यावे.

वटाव दराकडे (भविष्यातील लाभाचे आजचे मूल्य काढताना दरवर्षी जी टक्केवारी घटवतात तिच्याकडे) सहसा कोणी पाहत नाही, पण निकाल अनेकदा तिथेच फिरतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूवरील एचपीव्ही लसीचा खर्च आज होतो, तर कर्करोग टळतो काही दशकांनी. 40 वर्षांनंतरच्या 100 एककांच्या लाभाचे आजचे मूल्य 3 टक्के दराने सुमारे 31, तर 1.5 टक्के दराने सुमारे 55 भरते. दोन्ही दरांचे निकाल शेजारी ठेवावेत.

किफायतशीर लस परवडेलच असे नाही, त्यामुळे पहिल्या पाच वर्षांचा अंदाजपत्रकावरील भार स्वतंत्रपणे काढावा. गुणोत्तर मर्यादेबाहेर (एका निरोगी आयुर्वर्षासाठी जास्तीत जास्त जितका खर्च मान्य धरला आहे, त्याच्या वर) गेले, तर लस लगेच नाकारण्याऐवजी ती कोणत्या किमतीला मर्यादेत बसेल, हे उलट दिशेने मोजावे. ब्रिटनच्या सल्लागार समितीने मेनिंजायटिस बी (मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जिवाणूजन्य आजार) लसीबाबत आधी प्रतिकूल मत दिले, 2014 मध्ये किफायतशीर किमतीच्या अटीवर शिफारस केली, आणि किमतीच्या वाटाघाटींनंतर सप्टेंबर 2015 मध्ये ती बाळांना देण्यास सुरुवात झाली.