सांभाळणाऱ्याची सुट्टी खरी कशी करावी

अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं वर्षानुवर्षं करताना अंगमेहनतीपेक्षा जास्त थकवतं ते सतत कान टवकारून राहणं. रात्री खोकला आला की उठायचं, आणि बराच वेळ आला नाही तरी उठून बघायचं. म्हणून नुसती कामं वाटून भागत नाही. ठरलेल्या वेळेपुरती सगळी जबाबदारी दुसऱ्याकडे जावी लागते.

सुरुवात झोपेपासून करा. दोघं असाल तर 10 ते 3 आणि 3 ते 8 अशा पाळ्या लावा. पाळी नसलेल्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. त्याच खोलीत आडवं होणं म्हणजे झोप नव्हे. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी दिली जात असेल तर रात्रभर उठबस होते, ती सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा.

मग बदली माणूस तयार करा. एक वही ठेवा: शेवटचं औषध किती वाजता दिलं, पुढचं कधी, पाणी किती गेलं, पोट कधी साफ झालं, कूस कधी बदलली, उठवताना आधार कुठे द्यायचा, चिडले की काय बोलल्यावर शांत होतात. हे शेवटचं बहुतेक जण लिहायचं विसरतात, आणि बदली माणूस नेमका तिथेच अडतो. पहिल्या दिवशी त्याने तुमच्यासमोर करावं, दुसऱ्या दिवशी तुम्ही शेजारच्या खोलीत थांबा, तिसऱ्या दिवशी 2 तास बाहेर जा. पडणं, श्वास लागणं किंवा अचानक असंबद्ध बोलणं झालं तर त्याने आधी वैद्यकीय मदत बोलवायची, मग तुम्हाला फोन. बाकी कशासाठीही नाही. परत आल्यावर चादर वाकडी दिसली तरी गप्प बसा. चुका काढल्या की तो माणूस पुन्हा येत नाही, हे फार घरांत होतं.

‘काही लागलं तर सांग’ म्हणणाऱ्याला वार आणि वेळ द्या: ‘दर रविवारी 4 ते 7 तू बस.’ लांब राहणाऱ्या भावंडाकडे बिलं, औषधं मागवणं, डॉक्टरांच्या वेळा द्या.

तोच प्रश्न विसाव्यांदा आला आणि आवाज चढायला लागला, तर त्यांना सुरक्षित बसवून 5 मिनिटं खोलीबाहेर जा. हात उगारावासा वाटला तर त्याच दिवशी पाळी बदला. गोंधळ एकदोन दिवसांत एकदम वाढला असेल तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, अंगातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध यामुळे असं होतं, ताबडतोब दाखवा.

‘ते सुटले तर बरं’ असा विचार मनात येतो आणि मग स्वतःचीच लाज वाटते. माया आटली म्हणून हा विचार येत नाही, थकव्यातून येतो. निदान एका माणसापाशी तो बोलून टाका.

सांभाळणाऱ्याचा ताण मोजायला झॅरिट या संशोधकाची 22 प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण, एकूण 88. दर 3 महिन्यांनी भरा. आकडा चढत असेल तर पाळ्या पुन्हा आखा. 2 आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल तर स्वतःसाठी डॉक्टरांची वेळ घ्या. जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी जा, आणि एकटे जाऊ नका.