ॲनिमेशनचा अस्सल सेल: पारख आणि सांभाळ

सेल म्हणजे ॲनिमेशनपटातलं पात्र ज्यावर रंगवून कॅमेऱ्याखाली ठेवत, तो पारदर्शक प्लास्टिकचा पातळ पत्रा. तो विकत घ्यायचा असेल तर चित्राच्या मोहात पडण्याआधी चित्रपटाचं साल बघा. डिस्नेचा हाताने रंगवलेल्या सेलवर झालेला शेवटचा मोठा चित्रपट म्हणजे १९८९चा ‘द लिटल मर्मेड’. १९९०च्या ‘द रेस्क्यूअर्स डाउन अंडर’पासून रंगकाम संगणकावर गेलं. त्यामुळे ‘द लायन किंग’चा (१९९४) प्रॉडक्शन सेल, म्हणजे प्रत्यक्ष चित्रीकरणात वापरलेला सेल, कुणी दाखवला तर व्यवहार तिथेच थांबवा. असे सेल फक्त विक्रीसाठी बनवलेले असतात, ते कॅमेऱ्याखाली कधी गेलेले नसतात.

साल जुळलं की सेल उलटा करा. अस्सलपणा पाठीवरच कळतो. रेषा पुढच्या बाजूला आणि रंग मागून भरलेला असतो. तिरप्या उजेडात रंगाचे जाडसर थर, एका रंगाची दुसऱ्यावर चढलेली कड आणि ब्रशचे फराटे दिसायला हवेत. सेरिसेल, म्हणजे विक्रीसाठी काढलेली प्रत, छापलेला असतो, त्यामुळे त्याचा रंग सगळीकडे सारखा आणि सपाट दिसतो. कोपऱ्यात १२०/५०० असा आकडा (५००पैकी १२०वी प्रत) असेल तर ती विक्रीसाठीची मर्यादित आवृत्ती आहे.

मग दहापट भिंग लावून रेषा तपासा. ‘स्लीपिंग ब्यूटी’पर्यंत (१९५९) डिस्नेच्या मोठ्या चित्रपटांत शाईच्या रेषा हाताने ओढत, म्हणून त्या कुठे जाड, कुठे बारीक आणि बऱ्याचदा रंगीत असतात. ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’पासून (१९६१) रेषा झेरॉक्सच्या आल्या; त्यांची कड दाणेदार दिसते. कडेला पेगची (सेल जागेवर पक्का बसवणाऱ्या खुंट्यांची) भोकं आणि हाताने लिहिलेला क्रमांक शोधा. मात्र भोकं नाहीत एवढ्यावरून सेल खोटा ठरवू नका. १९३८पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए गॅलरीमार्फत विकले गेलेले बरेच सेल कापूनच बसवलेले आहेत. शेवटी चित्रपट थांबवून नेमकी चौकट जुळवा: बोटांची ठेवण, पापणी, तोंडाचा आकार. सेलमागे लावलेलं पार्श्वभूमीचं चित्र त्याच दृश्याचं आहे की नंतर जोडलेलं, हेही विचारा. किमतीत त्याने फार मोठा फरक पडतो.

सांभाळणं जास्त अवघड. ॲसिटेट, म्हणजे सेलचं प्लास्टिक, विघटित होऊ लागला की व्हिनेगरसारखा वास येतो, पत्रा लहरतो आणि आकसतो. सुटलेलं आम्ल पुढची झीज वाढवतं. म्हणून सेल हवाबंद प्लास्टिकमध्ये ठेवू नका आणि वास येणारा सेल बाकीच्यांपासून वेगळा करा. वास येण्याआधीच कळावं म्हणून ए-डी स्ट्रिप, म्हणजे आम्ल ओळखणारी कागदी पट्टी, वापरा: बंद डब्यात सेलसोबत एक दिवस ठेवा, निळी पट्टी हिरवी, मग पिवळी होत गेली तर आम्ल सुटतंय. १९३०च्या दशकातले सेल बहुधा नायट्रेट या जुन्या प्लास्टिकचे, म्हणजे झटकन पेटणारे. ते घरातल्या बाकी संग्रहात मिसळू नका.

हवा फार कोरडी झाली तर रंग आकसून पापुद्रे धरतो, दमट झाली तर चिकट होतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात हीच मोठी भीती. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. दिवसा एसी आणि रात्री बंद, असा चढउतार सर्वात वाईट.

फ्रेम करताना काच सेलला टेकता कामा नये, नाहीतर तो काचेला चिकटून बसेल. मध्ये आम्लरहित माउंट किंवा स्पेसर हवाच. सेल डिंकाने किंवा टेपने डकवू नका, कोपऱ्यांच्या खाचांत बसवा. यूव्ही रोखणारी काच लावली तरी उन्हाची आणि बाहेरच्या ओल्या भिंतीची जागा टाळा. धूळ फक्त पुढून, मऊ कोरड्या ब्रशने झटका. पाठीला हात लावू नका.

जपानी सेलच्या मागे मूळ पेन्सिल-चित्राचा कागद बऱ्याचदा चिकटलेला मिळतो. तो ओढू नका, रंग कागदासोबत निघून येईल. कागदासकटच ठेवा किंवा संवर्धकाकडे (जुन्या कलावस्तू जपणाऱ्या तज्ज्ञाकडे) द्या.