भाषा आणि विभागानुसार वेबसाइटचे पत्ते कसे बांधायचे

ठाणे, वाशी, पनवेल इथे शाखा आणि मजकूर मराठी, हिंदी, इंग्रजीत, अशी साइट बांधताना भाषा आणि विभाग यांची सुरुवातीपासूनच फारकत करा. पत्त्यात आधी भाषेचा कोड, मग विभाग, मग पान : ‘/एमआर/ठाणे/दर’. प्रत्यक्षात हे सगळं रोमन लिपीत ठेवा. देवनागरी पत्ते चालतात, पण लिंक कॉपी केली की एकेका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. ‘ठाणे’ या शब्दात चिन्हं चार, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर ३६ अक्षरांची अगम्य रांग.

मराठीचा कोड ‘एमआर’, भारतासह लिहायचा तर ‘एमआर-आयएन’. गाड्यांच्या पाट्यांवर असतं म्हणून इथेही ‘एमएच’ जोडू नका. देशांच्या यादीत ‘एमएच’ म्हणजे मार्शल बेटं. पानाची इतर भाषांतली रूपं कुठे आहेत हे गूगलला सांगणारा टॅग म्हणजे एचरेफलँग. राज्य किंवा शहर सांगायची सोय त्यात नाहीच, त्यामुळे ठाणे-वाशीचा फरक पत्त्यातच दिसायला हवा.

एचरेफलँगचे टॅग दोन्ही बाजूंनी लागतात. मराठी पान इंग्रजीकडे बोट दाखवतं, पण इंग्रजी पान मराठीकडे दाखवत नाही, अशी जोडी गूगल धरत नाही. प्रत्येक पानाने स्वतःचाही उल्लेख करायचा, आणि कॅनॉनिकल (पानाचा अधिकृत पत्ता सांगणारा टॅग) स्वतःच्याच पत्त्याचा द्यायचा. तो इंग्रजी पानाचा दिलात, तर मराठी पान शोधातून गळण्याची शक्यता मोठी. भाषा निवडायच्या पानाला ‘एक्स-डीफॉल्ट’ लावा, म्हणजे कुठलीच भाषा जुळली नाही तर दाखवायचं ते पान. भाषांतर झालेलं नसेल तर मराठी पत्त्यावर इंग्रजी मजकूर टाकू नका. ते पान टॅगमधूनही वगळा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वापरणाऱ्याला आपोआप त्याच्या भाषेच्या पानाकडे वळवण्यात. ब्राउझर ‘अ‍ॅक्सेप्ट-लँग्वेज’ हेडर (कोणती भाषा हवी हे सांगणारी ओळ) पाठवतो खरा, पण घरात मराठी बोलणाऱ्या कितीतरी जणांचा फोन इंग्रजीत असतो. शिवाय गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) हे हेडर सहसा पाठवतच नाही. म्हणून वळवायचं तर फक्त मूळ पत्त्यावरून, म्हणजे पुढे भाषेचा कोड नसलेल्या साइटच्या पत्त्यावरून. आतली पानं जशी मागितली तशीच द्या. क्रम असा : आधी कुकीतली (ब्राउझरमध्ये साठवलेली) निवड, मग हेडर, काहीच नसेल तर मराठी. प्रतिसाद ३०२ चा, म्हणजे तात्पुरतं वळवण्याचा हवा. ३०१, म्हणजे कायमचं वळवण्याचा दिलात तर ब्राउझर तो लक्षात ठेवतो आणि वापरणाऱ्याने भाषा बदलली तरी जुन्याच पानावर नेतो. सीडीएन (पानांच्या प्रती ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) असेल तर मूळ पत्त्याचा प्रतिसाद कॅशमध्ये, म्हणजे त्या साठवलेल्या प्रतींत ठेवू नका, नाहीतर पहिल्या माणसाची भाषा पुढच्या सगळ्यांच्या गळ्यात.

विभाग आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) ओळखायच्या फंदात पडू नका. मोबाइल डेटावर ऐरोलीतला माणूस मुंबईचा दिसू शकतो. तो खाडीच्या अलीकडे आहे की पलीकडे हे आयपीवरून ठरत नाही. सरळ पिनकोड विचारा आणि सहाही आकडे तपासा. ठाण्याचा ४००६०१ आणि वाशीचा ४००७०३, दोन्हींची सुरुवात सारखीच. पनवेलचा मात्र ४१०२०६.

भाषा बदलायचं बटण त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेत न्यायला हवं, मुखपृष्ठावर नव्हे. झेंडे नकोत, तिन्ही भाषांना झेंडा एकच. एचटीएमएलमधला ‘लँग’ही भाषेप्रमाणे बदला, नाहीतर स्क्रीन रीडर मराठी मजकूर इंग्रजी धाटणीत वाचायला जातो.

शेवटी कुकी आणि भाषेचं हेडर दोन्ही काढून प्रत्येक आतलं पान मागवून बघा. थेट २०० (पान मिळालं) यायला हवा. ३०२ आला तर वळवण्याचा नियम मूळ पत्त्यापुरता न राहता आतपर्यंत लागलाय.